गाडीला पाजलेलं पाणी

मंडळी, आजचीच गोष्ट. सकाळी अण्णांना, म्हणजे वडिलांना, डायलिसिसला न्यायचं अन् आमची जुनी गाडी चालूच होईना. सेल्फ नुसता फिरतोय. शेजारी बसलेल्या अण्णांना लई धाप लागलेली.

गरम असली की ही एका चावीत चालू होते, मग थंड असतानाच काय होतं? तापमानाच्या सेन्सरवर संशय आला. त्याची पिन काढली, गाडी चालू! थंड इंजिन त्याला गरम वाटत होतं, म्हणून पेट्रोल कमी सुटत होतं. रेडिएटरमध्ये बघितलं, तर क्षाराचा पांढरा थर; त्यानंच सेन्सर खराब केलेला.

"अण्णा, यात इंजिन थंड ठेवायचं कूलंट टाकतात. तुम्ही काय टाकलं?"

"टँकरचं पाणी. दुष्काळ म्हणून तिला कोरडं ठेवायचं व्हय?"

किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना स्वतःला पाणी बाधतं, म्हणून घोटाघोटानं मिळतं. दवाखान्याच्या दारात हळूच म्हणाले, "तिलाबी पाणी बाधलं का रे?"