चुन्याच्या रेघांचा शनिवार

शाळेची खोली कितीही झाडा, बाकाखाली रोज काहीतरी सापडतंच. खडूचा तुकडा, बांगडीची काच, बोराची बी. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी टाकत नाही, आणि एक उचलायला वाकावं तर शेजारी दुसरा पडलेला असतो. मी आमच्या आश्रमशाळेत पस्तीस वर्षं शिपाई होतो, त्यामुळे माझ्याकडे बरेच जमलेत. सगळे सांगत नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातले, सुनीता मॅडमच्या शनिवारांचे तेवढे सांगतो. मी हळू बोलतो, सांभाळून घ्या.

आमची शाळा मोलगीच्याही पुढे, डोंगराच्या खांद्यावर. खाली नर्मदेचं अडवलेलं पाणी. त्या पाण्याखाली गावं आहेत, आणि त्या गावांतल्या लोकांची नातवंडं आमच्या शाळेत.

सुनीता मॅडम शहाद्याकडच्या. आल्या आल्या त्यांनी शनिवारची दुपार मागून घेतली. नाटक, खेळ, पक्षी बघणं, ढोल, नकाशे. आमचे मुख्याध्यापक, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, त्यांना ती दुपार दहावीच्या गणिताला हवी होती. सर शाळेत शुद्ध बोलायचे, पण रागावले की त्यांची घरची अहिराणी बाहेर यायची.

"मॅडम, बोर्डना पेपरमा खो-खो इचारतस का?"

"नाही सर. पण तुमची पोरं शनिवारी घरी पळून जातात, ती थांबतील."

ते खरं होतं. शनिवार आला की पोरं डोंगर उतरून निघून जायची. नववीतली रमिला दोनदा गेली होती. दोन्ही वेळा मी तिला परत आणलं. पोर पाच दिवस तोंडातून शब्द काढायची नाही, मॅडमच्या शनिवारी मात्र बोलायची. ती तिसऱ्यांदा गेली असती तर परत आली नसती, हे मला ठाऊक होतं.

सरांनी दुपार दिली, पण अट घातली. "एक बी लेखी तक्रार उनी, का शनिवार गणितले दी टाकसू!"

मी मनात हसलो. आमच्याकडचा माणूस तक्रार करायला तीन डोंगर चालत येईल, पण लिहून कशाला देईल!

• • •

पहिला उपक्रम पक्ष्यांचा. मॅडम पोरांना कड्यावर घेऊन गेल्या. डोळे मिटायचे, दहा मिनिटं ऐकायचं, आणि जो पक्षी ऐकू येईल तो वहीत लिहायचा. मी पाण्याचा हंडा घेऊन मागे बसलो होतो.

वह्या तपासल्या. होला, कोतवाल, पोपट, भारद्वाज. आणि प्रत्येकाच्या वहीत शेवटी एकच नाव. कोंबडा.

"अरे, कोंबडा काय लिहिता? कोंबडा घरचा पक्षी, तो यात धरायचा नाही."

"पण आरवला, मॅडम."

"कुठल्या पाड्यावर?"

पोरांनी हात केले. सगळे हात एकाच बाजूला. खाली, पाण्याच्या मधोमध.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "वेस्ताकाका, तिकडे गाव आहे का?"

मी म्हटलं, "होतं."

मॅडमनी कोंबडा खोडला नाही. वहीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "चला, ऊन झालं."

• • •

मग नाटक बसवलं. दारूबंदीवर होतं. दहावीतला जयसिंग म्हातारा झाला होता. फेटा-काठी त्यानं घरून आणली, त्याच्या मेलेल्या आजोबांची. पालकांना बोलावलं होतं. शंभरेक माणसं पटांगणात उकिडवी बसली होती.

जयसिंगची चार वाक्यं होती. त्यानं तीन म्हटली. मग काठी टेकत पुढे आला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका बाईकडे बोट केलं.

"ए, माझा विळा कधी देशील? गवत कापायला म्हणून नेलास. ते गवत आता शेळीनं खाल्लं, शेळी तू खाल्लीस, विळा अजून तुझ्याच छपरात खोचलेला आहे!"

लोक असे हसले की फेटे सुटले. ती बाई हसली नाही. पदर आवरून उठली आणि निघून गेली.

नाटक संपल्यावर मॅडम जयसिंगला म्हणाल्या, "छान केलंस, पण ते वाक्य कुठून आणलंस?"

"म्हणजे? तुम्हीच लिहून दिलं होतं ना, मॅडम?"

मॅडमनी वही दाखवली. वहीत चारच वाक्यं होती.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ती बाई शाळेच्या फाटकात आली. हातात गंजलेला विळा. तो माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, म्हाताऱ्याला सांगा, छपर शेकारताना सापडला. माझ्या मनात काही नव्हतं!"

मी म्हटलं, सांगतो.

सरांनी विचारलं, "ती बाईनी तक्रार लिही दिधी का?"

"नाही सर. विळा दिला."

• • •

थंडीत मुलींचा खो-खोचा संघ तयार केला. तालुक्याला जायचं होतं. एका मुलीला ताप आला म्हणून सरावाला आठऐवजी सातच बसल्या. मधला एक चौकोन रिकामा.

पाठलागावर असलेली मुलगी सवयीनं तिथे आली आणि जोरात ओरडली, "खो!" ओरडून स्वतः त्या चौकोनात बसली. मग तिच्या लक्षात आलं की तिनं हवेलाच खो दिला. मुली खदाखदा हसायला लागल्या. मीसुद्धा हसलो.

खांबापाशी रमिला उभी होती, ती दुसऱ्या बाजूनं खेळत होती. ती हसत नव्हती. मान खाली घालून ती चालत मैदानाबाहेर आली आणि बाद झालेल्या मुलींच्या रांगेत बसली.

"रमिला, कुठे चाललीस? खेळ!"

"मी बाद झाले, मॅडम."

"कुणी बाद केलं?"

रमिलानं मागे वळून पाहिलं. मधल्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव नाही माहीत. पण हात लागला पाठीला. गार होता."

खोटं बोलणारी पोर नाही ती. मॅडमनी शिट्टी वाजवली आणि एक गुण लिहिला.

• • •

पुढचा किस्सा ढोलाचा.

क्रीडादिनाला संचलन होतं. मॅडमना ढोल हवा होता. आठवीतला दिलीप ढोल वाजवणाऱ्यांच्या घरातला. त्याला मॅडम म्हणाल्या, "नाचाचा ठेका नको. हळू, एकसारखा, पाय मोजून टाकता येतील असा काही येतो का तुला?"

दिलीप घुटमळला. "एक येतो, मॅडम."

"मग तोच वाजव."

मी स्वयंपाकघरात डाळ उतरवत होतो. तो ठेका कानावर आला आणि माझ्या हातातला डाव पडला. धावत येईपर्यंत पोरगा डोळे मिटून वाजवत होता, दोन रांगा पाय आपटत होत्या आणि मॅडम म्हणत होत्या, "शाबास!" मी दिलीपचा हात धरला.

आमच्याकडे हळू ठेका एकदाच वाजतो. माणूस गेला की.

मॅडमना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पोरगा त्यांना नाही कसं म्हणणार!

तासाभरात डोंगरावरून माणसं उतरायला लागली. एकेक करत, न बोलता. कुणाच्या डोक्यावर लाकडं, कुणाच्या फडक्यात मूठभर दाणे. पटांगणाच्या कडेला बसत गेली. सर कार्यालयातून धावत आले.

"काय व्हयनं? कोन गयं?"

एक म्हातारा म्हणाला, "तेच आम्ही विचारतोय, सर. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं! पोऱ्याची चूक झाली. घरी जा!"

म्हातारा उठला नाही. "ढोल चुकत नाही, सर. तुम्हाला अजून कळलं नसेल."

मॅडम रडकुंडीला आल्या. प्रत्येकापुढे हात जोडत होत्या. लोक म्हणाले, "बाई, तुमची काही चूक नाही, बसा." मी सगळ्यांना काळा चहा दिला. सर मनगटावरचं घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होते.

ऊन कलायच्या आत पाण्यावरून एक होडी आली. पलीकडच्या काठावरच्या एका पाड्यातली म्हातारी दुपारी गेली होती. तिचा मुलगा लोकांना बोलवायला निघाला होता. फाटकातून आत आला आणि पाहतो तर सगळे जमलेले!

तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

लोकांनी लाकडं डोक्यावर घेतली आणि त्याच्याबरोबर काठाकडे निघाले. म्हातारा जाता जाता सरांना म्हणाला, "पोराला ओरडू नका. हात चांगला आहे."

• • •

आणि आता नकाशाचा.

नंदुरबारच्या जिल्हा प्रदर्शनासाठी 'आपलं गाव' हा विषय होता. रमिला मॅडमना म्हणाली, "माझं गाव मी पाहिलेलंच नाही. ते खाली आहे."

मॅडमनी म्हाताऱ्यांना बोलावलं. कबड्डीचं मैदान आखायचा चुना घेतला आणि म्हणाल्या, लहान करून काढू, दहा पावलांचं एक पाऊल. म्हातारे ऐकेनात. "एवढ्या घरात बैल कसा मावेल, बाई?" मग खरोखरच्या मापानं काढायचं ठरलं. सगळं गाव मावणार नव्हतं, म्हणून रमिलाच्या पाड्यातली एकमेकांना लागून असलेली सात घरं घेतली. म्हातारे पावलं मोजत सांगायचे, पोरं चुना सोडायची. भिंत, दार, गोठा, ओटा. सहा घरं झाली.

सातवं रमिलाचं. ते फक्त तिचा आजा, दामजा, सांगू शकत होता. आणि दामजानं गाव सोडलं त्या दिवसापासून गावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्याची बायको पाणी चढण्याच्या आधल्या वर्षी गेली होती, तिथल्याच मातीत. रमिलानं घरी जाऊन विचारलं, "आजा, आपल्या घराचं दार कुठे होतं?"

दामजानं ताट सरकवलं. तीन दिवस अन्नाला शिवला नाही.

चौथ्या दिवशी रमिलाची आई मोलगीच्या बाजारात गेली आणि कुणाकडून तरी कागद लिहून आणला. खाली अंगठा. 'शाळा बुडालेलं गाव वर काढते. माझा सासरा मरेल. माझी मुलगी घरी द्या.' लेखी तक्रार!

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. शनिवारी दुपारी ते मैदानाकडे निघाले, मी मागे. काय बोलणार आहेत ते मला माहीत होतं. मॅडमनाही. रमिलाची आई पोरीची पेटी आवरून फाटकात उभी होती.

सर सरळ रेघा ओलांडत निघाले. कडेच्या म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला. "सर, भिंतीतून कुठे येताय! दारातून या!"

सर थांबले. मला वाटलं, आता अहिराणी येणार. पण ते मागे फिरले, वळसा घालून बोळातून आले. एका घराच्या पडवीतून जाताना वाकलेसुद्धा. वर आभाळाशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून दामजा आला. सुनेकडे पाहिलं नाही, रमिलाकडे पाहिलं नाही. मोजून पावलं टाकत सहा घरांमधून गेला आणि मोकळ्या जमिनीवर एका जागी उभा राहिला.

"इथे," तो म्हणाला.

रमिलानं पळत जाऊन चुना सोडला. तो बोटानं दाखवत गेला, पोर ओढत गेली. चौथी भिंत मिळाली, तसा तो दारातून आत जाऊन बसला. रमिला त्याच्याजवळ. तो तिला हळूहळू सांगत होता, इथे चूल, इथे कोठी, इथे तुझा बाप रांगायचा. मी खिचडीचं ताट नेऊन दारातून आत सरकवलं. बोलता बोलता त्यानं घास घेतला. फाटकात रमिलाच्या आईनं पेटी खाली ठेवली.

सर दारात उभे होते. खिशात हात, हातात कागद.

"दामजाबाबा, आत येऊ का?"

"या सर, बसा." दामजानं चुलीच्या कोपऱ्याकडे मान वळवली. तिथे चुन्याच्या दोन रेघा मिळत होत्या, बाकी माती. त्याच्या बोलीत तो म्हणाला, "अगं, सर उन्हातून आलेत. पाणी दे त्यांना."

सर बसले. सरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले. ओंजळ तोंडाशी नेऊन मान खाली घातली. उठताना त्यांनी त्या कोपऱ्याला नमस्कार केला आणि दारातून, वाकून, बाहेर आले.

मॅडम समोरच होत्या. सरांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले.

"सर, शनिवार?"

"चालू ऱ्हाऊ द्या."

म्हाताऱ्याचं मन राखलं, मला वाटलं. चांगला माणूस. मी धावत जाऊन माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. ऊन फार होतं.

सरांनी ओली मिशी पुसली.

"नको, वेस्ता. आत्तेच पिनू ना."