तातडीचा शेवटचा अंदाज

आमच्या मोजणी कार्यालयात तळमजल्याच्या टोकाला नकाशांची खोली होती. तिथे एकोणीस वर्षं नकाशेवाल्या बाई बसायच्या. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं. रुंद, उथळ कप्प्यांची लोखंडी कपाटं, एक टेबल, एक खुर्ची. आम्ही नकाशे काढणारे तिसऱ्या मजल्यावर. जुना नकाशा हवा असला की फोन करायचा. बाई तो गुंडाळून लिफ्टमध्ये ठेवून द्यायच्या. खाली जायचं कारणच पडत नसे.

बदली झालेल्या एका साहेबांनी आपलं कासव त्यांच्याकडे सोडलं होतं. दोन महिन्यांत नेतो म्हणाले, ते काही फिरकले नाहीत. आमच्याकडे प्रत्येक कागदावर ‘तातडीचे’ असा शिक्का, म्हणून कुणीतरी कासवाचं नाव तातडी ठेवलं.

त्या वर्षी फुटबॉलची जगज्जेतेपदाची स्पर्धा ऐन रंगात आली आणि टंकलेखकाच्या डोक्यात किडा वळवळला. फरशीवर काकडीच्या दोन बशा, प्रत्येकीपुढे एकेका संघाचा कागदी झेंडा. तातडी जिकडे जाईल तो संघ जिंकणार! पहिल्यांदा आम्ही पाचजण गेलो. चार हात चालायला तातडीला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ नुसतं उभं राहून करणार काय? गप्पा झाल्या. डब्यात काय आणलंय, असं बाईंना कुणीतरी विचारलं.

अंदाज खरा ठरला. दुसराही. तिसऱ्या वेळी दाराबाहेर गर्दी. बाईंनी भांडारातून तीन खुर्च्या मागवून घेतल्या. कुणीतरी फोनवर तातडीचं चित्रण केलं, ते सगळीकडे फिरलं, आणि बाईंच्या भाचीचा वर्षभरात पहिल्यांदाच फोन आला.

“मावशी, ते कासव तुझ्याच ऑफिसातलं ना?”

“हो गं, माझ्याजवळच असतं. तू कशी आहेस?”

“मस्त! फायनलचं आधी मला कळव हं.” आणि फोन बंद.

तरी बाई दिवसभर खुशीत होत्या.

अंतिम सामना रविवारी, म्हणून शुक्रवारी दुपारी सगळं ऑफिस खाली लोटलं. बाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. तातडीने एवढे पाय पाहिले आणि मान आत ओढून घेतली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

“संपावर गेली वाटतं,” टंकलेखक म्हणाला. हशा झाला आणि माणसं पांगायला लागली.

“थांबा ना जरा,” बाई म्हणाल्या. “बुजलीय. येईल बाहेर.”

“आली की फोन करा, बाई,” मी म्हणालो.

पाच वाजून गेल्यावर माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी पिशवी घेऊन जिन्यापाशी पोचलो होतो. ऐकला आणि उतरायला लागलो.

सोमवारी लिफ्ट बंद होती, म्हणून नकाशा आणायला मीच खाली गेलो. जास्तीच्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या.

“तातडी आली होती बाहेर,” बाई म्हणाल्या. “डावीकडे गेली. तोच संघ जिंकला की.”

“अहो, मग सांगायचं ना!”

“फोन केला होता. तिघांना.”

मी नकाशाची गुंडाळी उगाच घट्ट करत राहिलो. “आणि भाचीला?”

“तिला निरोप पाठवला. अंगठ्याचं चित्र आलं.”

“उद्यापासून जेवायला वर या आमच्यात,” मी म्हणालो.

त्या खरंच आल्या. आम्ही सरकून जागा केली. विषय बढत्यांचा चालला होता. बाई बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि सगळे हसले की हसायच्या, जरा उशिरा. उठताना म्हणाल्या, “बरं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी वाट पाहिली असं म्हणेन तर ते खोटं होईल. बसायला ऐसपैस झालं, एवढंच तेव्हा जाणवलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तातडीला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरी नेलं, असं शिपायाकडून कळलं. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होतो.