स्टूल मागणाऱ्या मॅडम

आमच्या वॉर्डन मॅडमना राग आला की त्या ओरडत नसत, स्टूल मागत. "कांता, स्टूल आण," एवढंच म्हणत. मी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचलून त्यांच्या मागे जाई. मग पदर खोचून त्या वर चढत आणि संस्थेच्या लोकांवरचा राग पंख्याच्या पात्यांवर काढत. पंखे चकचकीत दिसले की मुली एकमेकींना म्हणत, आज ऑफिसात वाजलं वाटते.

मी या वसतिगृहात स्वयंपाक करते. खेड्यांतून गोंदियाला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी एका संस्थेनं ते चालवलं आहे. खाली जेवणघर, स्वयंपाकघर आणि ऑफिस, वर मुलींच्या खोल्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो, म्हणून लिहिते. कोणाला दाखवायला नाही. पण मॅडमना ज्या रीतीनं इथून काढलं, ते आठवलं की अजून माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडतं.

मॅडमना माझा गप्पपणा आवडत नसे. मी भाजी चिरायला बसले की वर्तमानपत्राचा कागद माझ्यापुढे टाकत आणि म्हणत, "वाच मोठ्यानं." मी म्हणे, "मले नाही येत, मॅडम, मी चौथी पास." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "चौथी पास आहेस, मेलेली नाहीस." असं तोंडावर बोलत. मला वाईट वाटे. रागही येई. पण दुसऱ्या दिवशी कागद आला नाही तर मीच त्यांच्या टेबलाकडे पाहत राही.

दोन हजार चौदाच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजचे, नर्सिंगचे, शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म तेव्हा नेटवर भरावे लागू लागले होते. मुलींच्या मोबाइलमध्ये नेट टाकायला पैसे कुठले? म्हणून संस्थेनं वसतिगृहात वायफाय बसवायचं ठरवलं. जेवणघराच्या भिंतीवर वर एक पांढरा डबा लागला. त्याला अँटेनाच्या काड्या फिरवून लावायच्या असतात. बसवायला आलेल्या मुलानं पिशवीतून तीन प्रकार काढून टेबलावर ठेवले. बोटाएवढ्या बुटक्या काड्या, एक चपटी पाटी आणि हातभर लांब काड्या. संस्थेचे अध्यक्ष साहेब समोर खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "सबसे लंबी वाली लगाओ. काम दिखना चाहिए."

सगळ्यांना ते पटलं. आमच्या खेड्यांत टीव्ही आले तेव्हा ज्याच्या घरावर बांबू उंच आणि अँटेना लांब, त्याच्याकडे चित्र साफ दिसे. म्हणजे लांब तेच चांगलं. डब्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, लांब काड्यांना झेंडूचा हार घातला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी साखर-खोबरं वाटलं.

दोन-तीन दिवसांत कळलं की नेट वर खोल्यांत पोचतच नाही. जेवणघरात चालायचं, पण तिथं दिवसभर माझा धूर, भांडी आणि ऑफिसात येणारे-जाणारे पुरुष. बाहेर मात्र नेट भरपूर होतं. आवार ओलांडून रस्त्याच्या भिंतीपाशी गेलं की मोबाइलवर चारही रेघा. म्हणून संध्याकाळी मुली भिंतीला टेकून उभ्या राहून फॉर्म भरू लागल्या. आणि मुली उभ्या राहतात म्हटल्यावर समोर गाड्या लावून पोरंही उभी राहू लागली. मॅडम दोनदा बाहेर जाऊन त्यांना हाकलून आल्या. पोरं हसत जात आणि चौक फिरून परत येत.

हेमकला नावाची, दरेकसा गावची एक मुलगी होती. बारीक, अंगानं काटक, आणि नर्सच व्हायचं म्हणून घरच्यांशी भांडून आलेली. ती भिंतीपाशी उभी असताना एका पोरानं मोबाइलवर तिचा फोटो काढला. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जात तो फोटो तिच्या गावात पोचला. दुसऱ्याच सकाळी तिचे वडील गाडीनं आले आणि तिची पेटी उचलली.

"बाबा, मी नेटसाठी उभी होती," हेमकला म्हणाली.

"मले माहीत आहे," वडील म्हणाले. "पण गावाले कोण सांगन? फोटो फिरून राहिला, त्याच्यासोबत फॉर्म नाही फिरत."

ती गेली. नर्सिंगच्या फॉर्मची मुदत संपायला आली होती. मॅडमनी स्टूल मागितलं. मी नेलं. त्या जेवणघरात डब्यापाशी चढल्या, पण फडकं हातात घेतलं नाही. सुकलेला हार ओढून खाली टाकला आणि लांब काडीकडे कितीतरी वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग तिथूनच बसवणाऱ्या मुलाला फोन लावला आणि या काड्यांनी नेट वर का जात नाही, ते विचारलं. तो पलीकडून म्हणाला, "मॅडम, मी तेव्हाच सांगणार होतो. पण साहेब समोर बसले होते."

"म्हणजे तुला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद केला.

त्या दिवशी त्यांनी मला ते कणकेवर समजावून सांगितलं. परातीतला एक गोळा उचलला आणि म्हणाल्या, "डबा देतो ती कणीक एवढीच. काडी कोणतीही लाव, कणीक वाढत नाही. बुटकी काडी म्हणजे जाड पानगा. आजूबाजूलाही जातो, थोडा वर-खालीही. लांब काडी तीच कणीक लाटून लाटून पातळ करते. पोळी दूर रस्त्यापर्यंत जाते, पण तिला जाडी राहत नाही. वरच्या मजल्यावर काय जाईल मग?"

"कपाळ," मी म्हणाले. त्या हसल्या. रागात असताना त्या हसल्या, असं मी एवढ्या एकाच वेळी पाहिलं.

पण पोळी नेमकी कुठपर्यंत जात होती, ते मला भाजीच्या गाड्यावर कळलं. अध्यक्षांचं घर रस्त्यापलीकडे, अगदी समोर. त्यांच्याकडे भांडी घासणारी बाई मला हसत म्हणाली, "तुमचं नेट लयच भारी आहे, बाई. आमच्या साहेबाच्या घरी सगळे त्याच्यावरच सिनेमे पाहून राहिले." मी भाजी तिथंच सोडून आले आणि मॅडमना सांगितलं. त्यांनी स्टूल मागितलं नाही. म्हणाल्या, "चल, दरेकशाला जाऊन येऊ."

आम्ही पॅसेंजरनं गेलो. दरेकशाच्या छोट्या स्टेशनवर उतरून जंगलाच्या कडेनं चालत हेमकलाच्या घरी. ती अंगणात धान वाळत घालत होती. आम्हाला पाहून आत पळाली. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. मॅडमनी सरळ विचारलं, "मुलीला काऊन आणलं?"

"भिंतीपासून आणलं, मॅडम, शाळेतून नाही," ते म्हणाले. "तुमचं नेट छताखाली आणा. ज्या दिवशी त्या भिंतीपाशी एकही पोरगी उभी नाही राहणार, त्या दिवशी मी सोता तिले पोचवून देतो."

"मुदत शनिवारपर्यंत आहे."

"मंग शनिवारच्या आत आणा."

गोंदियाला उतरून आम्ही तडक बाजारात गेलो. एक लांब काडी मॅडमनी आधीच काढून रुमालात गुंडाळून आणली होती. आटे जुळले पाहिजेत, नाही तर नवी काडी डब्यात बसत नाही. दुकानदारानं चपटी पाटी पुढे केली. "ये लीजिए मॅडम, इसमें ताकत जादा है." मॅडमनी ती घेतली. येऊन, डब्याला जोडून, तोंड वर करून लावली. वरच्या दोन खोल्यांत नेट असं आलं की मुली ओरडल्या. पण दोन्ही टोकांच्या खोल्या कोरड्याच. पाटी फक्त तोंडासमोर फेकते. मॅडम स्टूलवरून उतरल्या. "ताकद ऐकली आणि मीही फसले," म्हणाल्या. "मग त्या अध्यक्षात अन् माझ्यात काय फरक?" आणि परत स्टूलवर चढून त्यांनी जेवणघराचा पंखा पुसला, जो परवाच पुसला होता.

दुसऱ्या दिवशी पाटी परत केली. दुकानदार कुरकुरला, मॅडम काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहिल्या, त्यानं पाटी ठेवून घेतली. या वेळी बुटक्या काड्या आणल्या. डबाही जेवणघरातून काढून जिन्याच्या वळणावर, घराच्या अगदी मध्यात लावून घेतला. एक काडी उभी ठेवली, एक आडवी केली. मुली मोबाइल घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरल्या. वरून आवाज येत होते, इथं आहे, इथंपण आहे. रस्त्याच्या भिंतीपाशी मी स्वतः जाऊन पाहिलं. काही नव्हतं.

मॅडमचा निरोप पोचला तसे हेमकलाचे वडील तिला घेऊन आले, पण लगेच आत आले नाहीत. संध्याकाळभर रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी उभे राहून भिंत पाहत होते. दिवे लागेपर्यंत एकही मुलगी तिथं आली नाही. मग त्यांनी पेटी फाटकात ठेवली. हेमकलानं त्याच रात्री आपल्या खाटेवर बसून फॉर्म भरला.

त्यानंतरच्या सकाळी अध्यक्ष आले. मी चहा ठेवायला ऑफिसात गेले होते.

"मॅडम, नेट बंद है क्या?"

"नाही. चालू आहे."

"कल से चल नहीं रहा."

"कुठे चालत नाही, साहेब?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी चहा उचलला, बशीत ओतला, आणि बशीतच पाहत राहिले. कुठे, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

म्हणून त्यांनी दुसरं शोधलं. संस्थेची बैठक बोलावली. मी पोहे वाढत होते, मला सगळं ऐकू येत होतं. वॉर्डननं परवानगी न घेता संस्थेच्या वस्तूला हात लावला, आणि मुलींच्या खोल्यांत नेट सोडलं. एक सदस्य म्हणाले, "जवान पोरी, बंद खोली, हातात नेट. काय-काय पाहतील?"

मॅडम म्हणाल्या, "रस्त्यावर उभ्या होत्या तेव्हा लोक त्यांना पाहत होते. ते तुम्हाला चालत होतं."

पोहे सगळ्यांनी खाल्ले, दोघांनी परत मागून घेतले. लिंबूही मागितलं. महिना संपायच्या आत मॅडमना जायला सांगितलं.

त्या गेल्या त्या दुपारी ऑटो फाटकात उभा होता. एक बॅग, एक वळकटी. मुली रडत होत्या. मी शेंगदाण्याची चटणी करून डब्यात भरली होती, ती हातात दिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. इतकी वर्षं एका छताखाली काढली. त्या ऑटोत बसल्या आणि म्हणाल्या, "स्टूलाचा एक पाय डुगडुगतो. खिळा मारून घे." ऑटो निघाला. मला इतका राग आला त्यांचा की मी हात हलवला नाही.

पुढे हेमकलाचा नर्सिंगला नंबर लागला. मॅडमचा फोन तोवर बंद झाला होता. त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो. अध्यक्षांना रोज सकाळी समोरच्या व्हरांड्यात चहा पिताना मी पाहते, आणि ज्यांना हे कळायला हवं होतं त्या कुठे आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही.

मॅडम गेल्या त्या आठवड्यातच अध्यक्षांचा माणूस हातभर लांब काड्या घेऊन आला होता. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते.

"बाई, स्टूल द्या. जिन्यावरचा डबा खाली घेऊन ह्या लावायच्या आहेत."

"मी बसली आहे त्याच्यावर."

"उठा ना मग."

"नाही उठत."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत माझा आवाज त्यानं ऐकला नसावा. "काऊन नाही उठत?"

"वर पोरी फॉर्म भरून राहिल्या," मी म्हणाले. पुढचं वांगं हातात घेतलं. "तुमच्या साहेबाले सांगा, ते स्वतः येऊन मले उठवतीन. आणि कायले उठवून राहिले, तेही सांगतीन. सगळ्या पोरींसमोर."

तो साहेबांना विचारून येतो म्हणाला आणि काड्या घेऊन गेला. मी बसूनच राहिले. वांगी झाली, मग मिरच्या घेतल्या, मग उगाच लसूण सोलायला घेतला. स्टूल जरासुद्धा हललं नाही. त्याच्या पायाला खिळा मी त्या ऑटोचा आवाज थांबायच्या आतच मारला होता.