अप्पांचा चातुर्मास

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त मान होता तो एका चिमट्याला. बोटाला लावायचा, प्राणवायूचा आकडा दाखवणारा. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला मी तो अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बोटाला लावायची. आकडा बरा आला की जीव भांड्यात पडायचा, आणि दोन तासांनी पुन्हा टांगणीला लागायचा. अप्पांचं वय ब्याऐंशी, घरात आम्ही दोघंच, आणि कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या दारावर करोनाचा पत्रा ठोकला जात होता. मी दुधाची पिशवीसुद्धा साबणाने धुवायची.

अप्पा तीस वर्षं रोज संध्याकाळी महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. सोबतीला शेजारच्या दारासुरमचे एक रेशीम विणकर, टाउन बसने यायचे. दोघं काय बोलायचे देव जाणे, मी पाहिलं तेव्हा गप्पच असायचे. टाळेबंदीत पायऱ्या बंद झाल्या, आणि फोनवर काही गप्प बसता येत नाही. ज्येष्ठात विणकरांच्या सुनेचा फोन आला. ते गेले होते, सगळं उरकलंही होतं. अप्पा तमिळमध्ये "सरि, सरि" म्हणजे 'बरं, बरं' एवढंच म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि आंघोळीला गेले. मी त्यांना दारासुरमला जाऊ दिलं नसतंच. त्यांनी विचारलंही नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

मग आषाढातली एकादशी आली. आमच्यासारख्या तंजावूर मराठी घरांत चातुर्मास म्हणजे चेष्टा नाही. पहिला महिना भाजी, चिंच, मिरची बंद. दुसरा महिना दही बंद, तिसरा दूध, चौथा डाळी. पुढचं वर्ज्य झालं की मागचं परत ताटात येतं. वयामुळे अप्पांनी हे सगळं दहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. त्या सकाळी मी वांगी चिरायला घेतली तर म्हणाले, "भाजी नको."

"व्रत धरतां का अप्पा?" मीच विचारलं.

त्यांनी मान हलवली.

मी चेन्नईला भावाला कळवलं. तो भारावून गेला. केळीच्या पानावरचा मूगडाळीचा भात आणि मिऱ्याचं सार यांचा फोटो काढून मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर जोडलेल्या हातांची रांगच लागली. या वयात, या दिवसांत, काय ती निष्ठा! मी कॉलेजात पोरांना शिकवते, देवाधर्माचं मला फारसं वेड नाही, पण त्या दिवशी माझीही छाती दोन बोटं फुगली.

त्यानंतर जे जे दिसलं त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागलं. व्रतात माणूस वाळतोच. पाटावरून उठताना भिंत धरायला लागले. अशक्तपणा यायचाच. पेपर घडीसुद्धा न मोडता पडून राहायचा, आणि अप्पा भरदिवसा भिंतीकडे तोंड करून निजायचे. बातम्या तरी कुठे वाचण्यासारख्या होत्या? जेवणाआधी मागच्या भिंतीवर कावळ्याला भात ठेवायची आमची रीत, तर त्यांच्या हातचा गोळा रोज मोठा होत चालला होता. कावळ्यांनी बाळसं धरलं. मी मात्र चिमट्यावरचा आकडा बघायची आणि समाधानाने पुढचा ऑनलाइन तास घ्यायला बसायची.

महिना पालटला. भाजी परत येते त्या दिवशी पूर्वी अप्पा सकाळपासून स्वयंपाकघराच्या फेऱ्या मारायचे. मी हौसेने वांगीभात केला. त्यांनी पान दूर सरकवलं.

"भाजी नको, व्रत आहे."

"ते काल संपलं कीं. आजपासून दही नाही."

"हो? तर दहीही नको. अस्कि नको."

अस्कि म्हणजे सगळंच. भटजींच्या तिथ्या सुधारणारा हा माणूस, त्याला व्रताचा महिना कुठला तेच ठाऊक नव्हतं. मी उठून चिमटा लावला. आकडा उत्तम होता, आणि पहिल्यांदाच मला त्याचा काही उपयोग वाटला नाही.

डॉक्टरांना फोन लावला. अप्पा बाहेरच्या माणसाशी नेहमीच स्वच्छ तमिळ बोलतात. जेवतो, झोपतो, काही त्रास नाही, असं त्यांनी इतकं छान सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. फोन घेऊन मी मागच्या अंगणात गेले आणि घड्याळ, भिंत, कावळे, होतं नव्हतं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी घेऊन या, वजन बघू, रक्त तपासू. म्हाताऱ्या माणसांचं मनही खचतं आणि त्यावर औषध असतं. तुम्ही त्यांना घरच्या भाषेत कधी विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. दिवसातून तीनदा आकडा बघितला, हे नाही.

मी पाटाशेजारी जमिनीवर बसले. "अप्पा, व्रत सोडा. देवाला सांगूं, प्रकृती बरी नाही म्हणून."

ते पानाकडे बघत म्हणाले, "सोडूं काय? मी संकल्प केलोंच नाहीं."

संकल्पाशिवाय व्रत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. पळीभर पाणी सोडायचं, देवापुढे बोलायचं, मग ते व्रत.

"देवापुढे खोटं कसं बोलूं?" अप्पा म्हणाले. "ते गेले त्या दिवसापासून घास उतरत नाही. तूच म्हणालीस व्रत. मग अस्कि लोक हात जोडूं लागले."

"मला सांगायचं नाही का?"

"रागावली असतीस."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण देवापुढे खोटं न बोलणाऱ्या माणसापुढे मला खोटं बोलवेना. "रागावलेच असते," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

मी भात मऊ कालवला आणि हाताने भरवला. दोन घास त्यांनी घेतले. तिसऱ्याला तोंड फिरवलं. "खा हो अप्पा" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले आणि विचारलं, "पायऱ्यांवर बसून तुम्ही दोघं काय बोलायचां?"

ते सांगू लागले. माझ्या हातातला घास निवून गेला, तरी मी तो तसाच धरून बसले.