मामूंची बेगम

धंद्यात कुणावर विश्वास ठेवू नये हे मी बाजारात शिकलो, पण घरच्या माणसावर किती संशय घ्यावा लागतो ते मला माझ्या बायकोच्या मामूंनी शिकवलं. मामू आमच्या रत्नागिरीकडचे. सारी उमर आफ्रिकेत गेली, साहेबाच्या रेल्वेत इंजिन चालवण्यात. परत आल्यावर गावात त्यांचं मन लागेना, म्हणून बायको म्हणाली, कुवेतला घेऊन जा. मी हो म्हटलं ते काही दयाबुद्धीने नव्हे. तिथल्या शर्क मोहल्ल्यात माझी लाँड्री होती, तिला वाफेचा एक जुना बॉयलर होता, आणि जन्मभर बॉयलर सांभाळलेला माणूस घरच्या घरी मिळत होता. तिथेच मी पहिल्यांदा फसलो. मामूंनी बॉयलरकडे पाठ करून गल्ल्याशेजारी खुर्ची टाकली आणि सांगितलं, "जावई, कपडे मोजीन, गिऱ्हाईक बघीन. वाफेचं काम मला सांगू नको." स्वतःच्या सदऱ्यालासुद्धा ते वाफेची नव्हे, कोळशाची इस्त्री करत.

संशयात ते माझ्याही वरताण होते. गाढवावरून पाणी आलं की आधी जिभेवर थेंब टाकत आणि तोंड वाकडं करत, "हे पाणी तीन महिन्यांत बॉयलरच्या नळ्या बुजवील." आम्हाला त्याचा चहा करायचा असे! टॅक्सी थांबली की खाली उतरून चारही चाकांच्या मध्यावर हाताची पालथी बाजू लावून बघत. टॅक्सीवाला चिडायचा. मामू शांतपणे म्हणत, "तळव्याला चटका कळेपर्यंत उशीर होतो." मी कुणावर ओरडलो की तोच पालथा हात माझ्या कपाळाला लागायचा. "जावई, ॲक्सल तापला." नोकर हसायचे, आणि मी आणखी तापायचो.

आणि त्यांचं ते इंजिन! त्याला ते बेगम म्हणत. दोन धडांचं इंजिन, गॅरट जातीचं. पुढे एक चाकांचा गाडा, मागे दुसरा, आणि मधे दोघांच्या खांद्यावर एकच प्रचंड बॉयलर. रूळ जेमतेम दोन हात अंतराचे, डोंगर उभा, वळणं अशी की बेगमचं तोंड एका दिशेला आणि पाय दुसऱ्या. मी म्हटलं, "मामू, दोन बिऱ्हाडं आणि एकच चूल? तुमच्या साहेबाला विकणाऱ्याने गंडवलं." मामूंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर गल्लीत माझ्या दोन हातगाड्या पुढेमागे लावल्या, चादरींचं सर्वांत लांब गाठोडं दोन्हींवर आडवं टाकलं आणि माझेच इस्त्रीवाले जुंपून मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरून वळवून दाखवलं. मागे पाणीवाल्यांची गाढवं खोळंबली, शिव्या सुरू झाल्या. गाठोडं कुठेही न घासता वळलं हे खरं. पण म्हणून आफ्रिकेत तसं इंजिन होतंच, हे कशावरून?

मग ते बॉयलरचं प्रकरण झालं. एका मोठ्या हॉटेलचे कपडे मला मिळायच्या बेतात होते. अट एकच, मोठा बॉयलर हवा. एका कंत्राटदाराच्या कँपातला बॉयलर इराणी भंगारवाल्याकडे आला होता. मी तीन आठवडे त्याचा काळा चहा पिऊन, दोनदा रागाने उठून जाऊन, एकदा खोटं आजारी पडून भाव उतरवला. शेवटच्या दिवशी मामूंना नेलं. त्यांनी खिशातून लहान हातोडी काढली. सबंध बॉयलर ठोकत फिरले, कान लावला, डोळे मिटले. एका जागी तर इतका वेळ उभे राहिले की इराणी मला विचारू लागला, म्हातारा झोपला का. मग मामू म्हणाले, "नको. हा घेऊ नको."

"खोट आहे?"

"नको म्हटलं ना."

माणसाने चार लोकांत असं सांगितल्यावर मी काय करणार? नाही म्हणालो. त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या हैदराबादी लाँड्रीवाल्याने तो बॉयलर उचलला आणि पाठोपाठ हॉटेलही. आम्ही वाट बघत बसलो की आज फुटेल, उद्या फुटेल. तो मेला फुटायचं नावच घेईना.

माझी खात्री झाली की मामूंनी दलाली खाल्ली. त्यांच्या पायात नव्या चपला दिसल्या, तर मी चपलांची दुकानं धुंडाळली. ते मशिदीतून उशिरा आले, तर कोणत्या वाटेने आले ते विचारलं. एकदा हैदराबाद्यालाच डिवचलं, "हमारे मामू को क्या दिया?" तो म्हणाला, "सलाम दिया सेठ, वो भी नहीं लिया." हेही ठरवून बोलल्यासारखं वाटलं. एका ताटात जेवायचो, पण कालवणातला तुकडासुद्धा मी त्यांच्याकडे बघत उचलायचो. असं वर्षानुवर्षं चाललं.

ते कायमचे गावी निघाले, तेव्हा बोटीच्या धक्क्यावर माझा संयम सुटला. "मामू, आता तरी सांगा. त्या बॉयलरात काय खोट होती?"

"कसली खोट? एकदम खणखणीत होता."

मी त्यांची वळकटी खाली ठेवली.

"आमच्याकडे ज्याचं इंजिन त्याचंच असायचं," मामू म्हणाले. "मागे डबा जोडलेला. आमची ड्रायव्हर-फायरमनची एक जोडी चालवायची, दुसरी डब्यात झोपायची, पण बेगम आमचीच. मग नवा साहेब आला. म्हणाला, जे इंजिन तयार असेल ते कुणीही न्या. त्या दिवशी मी राजीनामा दिला. दुसऱ्या इंजिनाला हात लावायचा नाही म्हणून."

"त्याचा माझ्या बॉयलरशी काय संबंध?"

"आवाज तिचाच होता रे. तू आणला असतास, तर मी हात लावल्याशिवाय राहिलो नसतो."

"तुमच्या बेगमपायी माझं हॉटेल गेलं!" मी इतक्या जोरात ओरडलो की हमाल थांबले. मामूंनी पालथा हात माझ्या कपाळाला लावला, मान हलवली, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर हातोडी वाजवून बघितल्यावरच बोटीवर चढले.

हॉटेल गेल्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि ती दोन धडांची बेगम मी अजून पाहिलेली नाही. मामूंनाही त्यानंतर मी पाहिलं नाही. त्या पावसाळ्यातच गावी ते वारले. पण पलीकडच्या गल्लीतून जाताना लाँड्रीच्या भिंतीमागे तो बॉयलर घुमत असतो, आणि माझे पाय थांबतात. मला त्या आवाजातलं काही कळत नाही. मी नुसता भिंतीला कान लावून उभा असतो. हैदराबादी दारात येतो, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो. "क्या बात है सेठ? क्या सुन रहे हो?"

मी म्हणतो, "काही नाही." त्याचा विश्वास बसत नाही.