मामांच्या आधी विश्राम

लालबागहून मामांचा शेजारी निरोप घेऊन आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडी आला, तेव्हा त्याने तोंड उघडायच्या आतच मी विचारलं, "मामा गेले?" त्याने मान हलवली. "नाय... विश्राम." मला त्या माणसाचाच राग आला. आजारी म्हाताऱ्या मामांसाठी मी मनाची तयारी करून ठेवली होती. माझ्याच वयाच्या मित्रासाठी ती कुठून करणार?

विश्राम माझगावच्या गोदीत फिटर. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून गिरणीत विणकर असलेल्या त्याच्या मामांनी त्याला वाढवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लालबागची पहिली घोषणा त्याचीच असायची. त्या दिवसांत अख्ख्या गिरणगावाचा घसा बसलेला. विश्रामचाही बसला, तेव्हा त्याचं कोण कौतुक! आम्ही त्याच्या खिशात खडीसाखर कोंबायचो. "घसा गेला तरी चालेल, मुंबई जाता कामा नये रे," असं तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पुढे सगळ्यांचे घसे सुटले, त्याचा काही सुटला नाही. मग खोकला लागला. तरण्या माणसाचा खोकला म्हणजे क्षय, हे आमच्याकडे ठरलेलं. जवळच्या डॉक्टरांनीही तेच धरलं. इंजेक्शनं झाली, अंडी झाली, वेगळं ताट झालं... आणि महिने हातचे गेले. विडीला कधी न शिवलेल्या पोराला फुप्फुसाचा कॅन्सर होईल, हे कुणाच्या स्वप्नातही येईना. मामांचं उलट. जन्मभर विड्या ओढलेल्या, त्यात गिरणीचा कापूस छातीत. त्यांच्या थुंकीतून रक्त पडलं तेव्हा परळच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिला संशय कॅन्सरचाच घेतला आणि तो खरा निघाला. तिथेच मग विश्रामच्याही छातीचा फोटो काढला. मामा-भाचे एकाच दुखण्याचे!

डॉक्टर म्हणाले, मामांना कापण्यात अर्थ नाही, त्यांचं हृदय पेलणार नाही. शिवाय त्यांचं दुखणं सावकाश चालतंय. विश्रामचं मात्र धावत सुटलंय, पण अंगात जोर आहे, त्याचं ऑपरेशन करून बघू. मामा खुर्चीतून उठले. एरवी डॉक्टरपुढे मान वर न करणारा माणूस, हात जोडून म्हणाला, "माका कापा, सायबानू. ह्येका नको. माझी साठी उलाटली, ह्येचा लगीन होऊन वर्स नाय झाला."

"अहो मामा, काय बोलताय! बसा बघू," विश्राम त्यांनाच दटावत होता.

डॉक्टरांनी छाती उघडली आणि तशीच मिटली. फार पसरलं होतं. तो गेला त्याआधी मुंबई आपली झाली होती, पेढा त्याच्या ओठाला लावता आला, एवढंच समाधान. मला ते पुरत नाही.

परवा लालबागला गेलो. शेवटी शेवटी विश्रामला खोलीत गुदमरायचं, म्हणून त्याचं अंथरूण बाहेर गॅलरीत, कठड्यापाशी घालत. मामा ते अजून रोज संध्याकाळी घालतात. गॅलरी कसली, दोन माणसं शेजारून जायची मारामार. पण पाणी घेऊन जाणाऱ्या बायकादेखील त्याला वळसा घालून जातात. मीही वळसा घालून मामांपाशी बसलो. तब्येत कशी आहे, विचारलं. त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली.

"बरो आसंय," ते म्हणाले. "तेचीच लाज वाटता रे."