माने काकांच्या हरळीसाठी तीन मशीन

“काका, दोरी सोडा आधी!” मी ओरडलेच.

माने काकांनी गवत कापायच्या पेट्रोल मशीनची स्टार्टर दोरी मुठीत धरली होती. ती झटक्यानं ओढावी लागते आणि सगळा ताण छातीवर येतो. काकांची बायपास नुकतीच झाली होती. काकू घरातून धावत आल्या. काकांनी दोरी सोडली आणि ओट्यावरच्या खुर्चीत जाऊन बसले.

“मग टाका फरशी,” म्हणाले. “विषय मिटला.”

मी धाराशिवात शेतीची यंत्रं विकणाऱ्या दुकानात काम करते. फवारणी पंप, ब्रश कटर, कडबा कुट्टी हा आमचा रोजचा माल. लॉनमोवर, म्हणजे हिरवळ कापायचं यंत्र, क्वचितच जातं. इथं लॉनला पाणी कुठून आणणार? पण माने काकांचं लॉन हरळीचं होतं. शेतात लोक जी उपटून उपटून कंटाळतात, तीच हरळी. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ती अंगणात लावली आणि भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवली. विळा घेऊन स्वतः कापायचे.

ऑपरेशननंतर विळा बंद झाला. पावसाळ्यात हरळी नडगीपर्यंत वाढली, एकदा साप निघाला. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवरच ठरवून टाकलं, पेव्हर ब्लॉक टाकू. फरशीवाला माप घेऊनही गेला.

“डॉक्टर म्हणतात चाला, आन् हे खुर्ची सोडत न्हाईत,” काकू दुकानात येऊन मला म्हणाल्या होत्या. “हे अंगण गेलं तर मग उठायचेच न्हाईत. रेहाना, ह्यांना जमंल असं एखादं मशीन दाखव की.”

म्हणून मी टेम्पोत तीन मशीन घालून डेमोला आले होते.

पेट्रोलचं मीच चालू केलं. त्याच्या पोटाखाली पंख्यासारखं आडवं पातं फिरतं. उंच गवत त्याला अडवू शकत नाही. एक पट्टा झकास निघाला. पण धूर ओट्यावर गेला आणि काकांना खोकला लागला. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून छातीवर उशी दाबून ते खोकत होते. मी मशीन बंद केलं.

मग इलेक्ट्रिक. पातं तसंच, पण वजनाला हलकं आणि बटणावर चालू. अडचण वायरची. ती कायम आपल्या मागं ठेवावी लागते. पात्याखाली आली तर कापली जाते, शॉक बसू शकतो. माझीच वायर लिंबाच्या झाडाला अडकली. ती सोडवतेय तोवर लाईट गेली.

“आणि ह्यांचा चष्मा कायम खिशात,” काकू म्हणाल्या. “वायर दिसायची कशी? बॅटरीवरचं मिळत न्हाय का?”

“मिळतं. पण बिघडलं तर दुरुस्ती आमच्याकडं होत नाही, बाहेर पाठवावं लागतं. खोटं कशाला सांगू?”

तिसरं हाताचं. त्याला इंजिन नाही. ढकललं की चाकांबरोबर पात्यांचा रोलर फिरतो आणि खालच्या पट्टीवर गवत कात्रीसारखं कापलं जातं. मी जोर लावला. जरा पुढं गेले आणि गवत आडवं झोपलं, रोलर गच्च झाला.

काका पहिल्यांदाच हसले. “आमच्या जुन्या गाडीवाणी हाय हे. चढ आला की पब्लिक उतरून ढकलायचं.”

मी रोलरमधलं गवत उपसत बसले आणि तेव्हा डोक्यात आलं. गवत रोज एवढं उंच थोडंच असणार? एकदा खाली आणलं की पुढं फक्त राखायचं. मी दुकानाच्या शेठना फोन लावला.

“शेठ, पहिली कापणी आपण पेट्रोलवर करून देऊ. काका हाताचं घेतील.”

“आपण मशीन विकतो रेहाना, गवत कापत न्हाई.”

“कापलं तरच विकलं जाईल. नाहीतर इथं फरशी बसतेय.”

“बरं. पण टेम्पो लवकर आण.”

काकांना आत बसवून दार लावलं आणि वरवरचा थर तेवढा काढला. गवत एकदम मुळाशी कापलं तर पिवळं पडतं. पुढच्या आठवड्यात येऊन आणखी खाली आणलं. मग हाताचं मशीन लावलं. आता ते हलकं चाललं, कचकच आवाज करत.

“सरळ जा की!” ओट्यावरून काका ओरडले. “डावीकडं वढायलीस पोरी!”

मी मुद्दाम नव्हतं केलं. पण पुढच्या पट्ट्यालाही तेच झालं. काका पायऱ्या उतरून आले. “सरक.”

“डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही,” मी हँडल सोडलं नाही.

काकूंनी तिथल्या तिथं फोन लावून स्पीकर चालू केला. डॉक्टरांनी गवत किती उंच, जमीन सपाट आहे का, जोर किती लागतो, सगळं विचारलं. “हळू ढकलू द्या. दम लागला की थांबायचं,” ते म्हणाले.

काकांनी हँडल धरलं. नजर समोरच्या भिंतीवर. एक पट्टा, नाकासमोर सरळ. फाटकापाशी त्यांनी एवढं ऐसपैस वळण घेतलं, जणू मागं अख्खी बस जोडलेली आहे. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळे मात्र भरलेले. दोन पट्टे झाल्यावर काका थांबले, श्वास घेतला, आणि मुलाला स्वतः फोन केला.

“फरशीवाल्याला न्हाय म्हणून सांग. का म्हंजे? मला काम हाय.”

आता ते सकाळी थोडं थोडं कापतात. मध्यंतरी रोलर बोथट झालाय असं सांगायला घरापासून दुकानापर्यंत चालत आले. शेठनी त्यांना चहा पाजला आणि पहिली कापणी मोफत असा बोर्ड लावून टाकला, जणू कल्पना त्यांचीच.

मशीन पेट्रोलचं, विजेचं की हाताचं, हे गिऱ्हाईक आपणहून विचारतं. चालवणार कोण, हे आपल्याला विचारावं लागतं. मी हल्ली आधी तेच विचारते. त्यानं विक्रीला उशीर होतो, अशी शेठची तक्रार आहे. होतो. पण मशीन परत येत नाही.